दोन इमारतींमधली जागा

गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर, मांडवी या भागांतल्या जुन्या इमारतींच्या मागच्या बाजूला एक चिंचोळी फट असते. मुंबईकर तिला हाऊसगल्ली म्हणतात. दोन इमारतींच्या पाठी एकमेकींकडे आणि मधे जेमतेम माणूस सरकेल एवढी वाट. जमिनीखालून मलवाहिन्या येण्याआधी संडासाच्या टोपल्या याच वाटेने डोक्यावरून नेल्या जात. आज तिथे सांडपाण्याचे पाइप उतरतात, वरून टाकलेला कचरा साचतो आणि पावसाळ्याआधी महापालिकेला ती उपसून घ्यावी लागते. आतल्या खोल्यांच्या खिडक्या याच गल्लीत उघडत. खोलीला खिडकी आहे, असे नकाशावर दाखवता येई. त्या खिडकीतून उजेड येत नसे आणि वाराही येत नसे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांना मांडवीतल्या एका रुग्णात प्लेगची लक्षणे दिसली. पुढच्या काही महिन्यांत मुंबई निम्मी ओस पडली. माणसे मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाली, गिरण्यांचे भोंगे वाजत राहिले आणि कामाला हात मिळेनात. त्या काळच्या सरकारी डॉक्टरांचा समज असा की, कोंदट, कुबट हवेतून रोग उपजतो. उंदरावरच्या पिसवांमधून प्लेग पसरतो हे थोडे पुढे सिद्ध झाले. म्हणजे त्यांनी प्लेगचे जे कारण मानले ते चुकीचे होते. पण त्या चुकीच्या कारणापायी त्यांनी इमारतींच्या मधल्या जागेकडे पाहायला सुरुवात केली आणि तिथे त्यांना जे दिसले ते खरे होते. प्लेगसाठी नसेल, पण क्षयासाठी, दम्यासाठी, मुलांच्या वाढीसाठी ते खरे होते आणि आजही आहे.

१८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टचे पुढे अध्यक्ष झालेले जे. पी. ऑर हे मुळात सनदी अधिकारी, पण कोनांचा आणि छेदनकाशांचा त्यांचा अभ्यास एखाद्या वास्तुविशारदाला शोभावा असा होता. त्यांनी एक नियम लावून धरला. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून ६३.५ अंशांच्या कोनात वर एक रेघ काढायची. समोरची इमारत त्या रेघेच्या खाली राहिली पाहिजे. कोन विचित्र वाटतो, पण हिशेब सोपा आहे. त्या कोनात रेघ जितकी आडवी सरकते त्याच्या दुप्पट उंच चढते. म्हणजे समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निदान निम्मी जागा दोघींच्या मधे मोकळी असली पाहिजे. सहा मीटर उंचीला तीन मीटर, बारा मीटरला सहा. गवंड्यालाही दोरी धरून पडताळता येईल असा हा नियम होता.

दादर, माटुंगा, वडाळा इथल्या वसाहती ट्रस्टने आखल्या. हिंदू कॉलनीतून किंवा पारशी कॉलनीतून दुपारी चालताना जे सुख वाटते, त्यातले पुष्कळसे श्रेय आपण झाडांना देतो. झाडे आहेतच. पण झाडे वाढली कारण त्यांना वाढायला जागा सोडलेली होती आणि त्या जागेचे माप आधी ठरले होते. या ट्रस्टचे गुणगान मी डोळे झाकून करणार नाही. सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रस्ते काढताना त्यांनी जितकी घरे पाडली तितकी बांधली नाहीत. बेघर झालेली गरीब माणसे शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहायला गेली. उजेडाचा नियम झाला, तो बहुतांशी मध्यमवर्गाच्या वाट्याला आला. ही बाब पुढेही लागते, म्हणून इथेच नोंदवून ठेवतो.

आता मुद्द्याकडे येतो. शाश्वत शहर, हरित घर, भविष्यातले तंत्रज्ञान असे म्हटले की डोळ्यांसमोर वस्तू येतात : छपरावरचे सौर पॅनेल, दुहेरी काचा, कमी वीज खाणारे वातानुकूलन यंत्र, सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, वाहनतळातले चार्जिंग पॉइंट. या सगळ्या वस्तू इमारतीवर किंवा इमारतीत बसवायच्या असतात. मला असे सांगायचे आहे की, शहरातले सर्वात मोठे हरित यंत्र दोन इमारतींच्या मधे असते आणि ते रिकाम्या जागेचे बनलेले असते. ते दिवा न लावता उजेड पुरवते, पंखा न लावता हवा बदलते, उष्णता बाहेर नेते, पाणी जमिनीत जिरवते. त्याला वीज लागत नाही. पण एक अट आहे : ते पुरेसे रुंद असावे लागते. रुंदी एका मर्यादेखाली गेली की ते थोडे कमी काम करत नाही, जवळजवळ बंदच पडते.

हे उजेडाच्या हिशेबाने तपासून पाहू. सात मजल्यांच्या, साधारण २१ मीटर उंचीच्या दोन इमारती समोरासमोर उभ्या आहेत आणि त्यांच्या मधे तीन मीटर जागा आहे. मुंबईतल्या पुनर्वसन वसाहतींत असे दृश्य दुर्मीळ नाही. तळमजल्याच्या खिडकीशी उभे राहून वर पाहिले तर समोरच्या इमारतीचा माथा सुमारे ८१ अंशांवर दिसतो. आकाश उरते ते डोक्यावरच्या ९ अंशांच्या पट्टीत. त्या पट्टीतही वरच्या मजल्यांनी बाहेर काढलेल्या ग्रिल, वाळत घातलेले कपडे आणि पाइप. तेवढ्या फटीतून जो उजेड उतरतो तो खिडकीच्या चौकटीपाशीच संपतो, खोलीत शिरतच नाही. ऑर यांच्या नियमाप्रमाणे इथे साडेदहा मीटर जागा असायला हवी होती. मग आकाशाची पट्टी २८ अंशांची झाली असती.

ऊन वेगळे. मुंबई १९ अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेरीस भर दुपारी सूर्य इथे क्षितिजापासून साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. हवेत गारवा असतो तेव्हाचे, हवेहवेसे वाटणारे हे ऊन. दक्षिणेकडे तोंड केलेल्या भिंतीवर, समोर तीन मीटरवर तितकीच उंच इमारत असेल तर ते ऊन माथ्यापासून सव्वातीन मीटरच खाली उतरते. म्हणजे सातव्या मजल्याला ऊन मिळते, सहाव्यापासून खाली सगळ्यांचा हिवाळा सावलीत. साडेदहा मीटर जागा सोडली असती तर तेच ऊन साडेअकरा मीटर, म्हणजे जवळजवळ चार मजले खाली आले असते. भिंती त्याच, सिमेंट तेवढेच, घरेही तेवढीच. फक्त मधल्या रिकाम्या जागेने सहाव्या, पाचव्या आणि चौथ्या मजल्यावरच्या लोकांना हिवाळ्यातले ऊन दिले असते.

आता याच इमारतीवर सौर पॅनेल बसवू. खालच्या पाच मजल्यांवर मजल्याला आठ घरे धरली तर चाळीस घरे झाली. प्रत्येक घरात सकाळपासून संध्याकाळपर्यंत, बारा तास, २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब जळतात, कारण त्या बंद केल्या तर मुलाला वहीतल्या ओळी दिसत नाहीत. घरामागे दिवसाला सुमारे अर्धा युनिट, चाळीस घरांचे जवळजवळ वीस युनिट. एक किलोवॅटच्या सौर पॅनेलमधून आपल्याकडे दिवसाला साधारण चार युनिट मिळतात. म्हणजे या उजेडासाठीच पाच किलोवॅटचे पॅनेल आणि छपराची सुमारे पन्नास चौरस मीटर जागा लागेल. छपरावर सूर्याचा उजेड पकडायचा, त्याची वीज करायची आणि ती वीज खाली नेऊन भर दुपारी खोल्यांत पुन्हा उजेड करायचा. तो उजेड भिंतीच्या अलीकडे आपण होऊन आला असता, आपण त्याची वाट बुजवली. हे पाहून माझा जीव खरोखर तळमळतो. सौर पॅनेल वाईट म्हणून नव्हे. इतकी चांगली वस्तू इतक्या वाईट चुकीची भरपाई करण्यात खर्च होते म्हणून.

वाऱ्याचेही असेच आहे. शहरांच्या हवामानाचा अभ्यास करणारे टी. आर. ओक यांनी दाखवून दिले की, इमारतींच्या उंचीच्या मानाने मधले अंतर कमी होत गेले की वारा खाली उतरायचे सोडून देतो. तो छपरांवरून घसरत पुढे निघून जातो आणि खालची हवा आपल्या जागी घुटमळत राहते. मुंबईला पश्चिमेकडून खाऱ्या वाऱ्याची देणगी आहे. दमट हवेत घाम वाळायचा तर अंगावरून वारा वाहिला पाहिजे, म्हणून या शहरात वारा म्हणजेच गारवा. फटीत उघडणाऱ्या खिडकीतून तो येत नाही. मग पंखा लागतो, पण पंखा खोलीतलीच हवा खोलीत फिरवतो. नवी हवा आणत नाही. त्यातून ज्यांना परवडते ते एसी लावतात. दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेने चालू असताना घरातली सुमारे पाच किलोवॅट उष्णता बाहेर काढतो, शिवाय त्याने खाल्लेली दीड किलोवॅट वीजही उष्णता होऊनच बाहेर पडते. हे सगळे जाते त्याच तीन मीटरच्या फटीत. तिथे वारा नसल्यामुळे ती गरम हवा वर सरकत शेजाऱ्यांच्या खिडक्यांशी रेंगाळते. वरच्या मजल्याचा एसी आधीच तापलेल्या हवेत उष्णता ढकलू पाहतो, म्हणून जास्त वीज खातो. ज्याच्याकडे एसी नाही त्याने खिडकी बंद करायची. ताऱ्यांचे लेबल कितीही चांगले असो, यंत्राला श्वास घ्यायला जागा नसेल तर ते लेबल उपयोगाचे नाही.

गोवंडी-मानखुर्दच्या एम-पूर्व विभागात नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहती आहेत. रेल्वे आणि रस्ते रुंद करण्यासाठी ज्यांची घरे हलवली अशा हजारो कुटुंबांना इथे आणले गेले. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने इतर संशोधकांबरोबर या वसाहतींचा अभ्यास केला, तो २०१८ च्या सुमारास लोकांसमोर आला. दाट उभ्या केलेल्या पहिल्या दोन वसाहतींत क्षयाचे रुग्ण असलेल्या कुटुंबांचे प्रमाण तुलनेने मोकळ्या असलेल्या पीएमजी कॉलनीपेक्षा कित्येक पटींनी जास्त आढळले आणि खालच्या मजल्यांवर ते अधिक होते. आयआयटी मुंबईतही पुनर्वसन इमारतींतल्या हवेच्या आणि उजेडाच्या हालचालीवर काम झाले आहे. क्षयाचा जंतू खोकल्यावाटे हवेत येतो आणि कोंडलेल्या हवेत तासन् तास तरंगत राहतो. मोकळ्या वाऱ्यात तो पांगतो, उन्हात मरतो. शंभर वर्षांपूर्वीच्या हाऊसगल्लीबद्दल जे लिहिले गेले, तेच इथे नव्याने आणि मोजमापासह लिहावे लागले. फरक एवढाच की हाऊसगल्ली नियम होण्याआधीची आहे. या वसाहती नियमांत सवलत देऊन, मंजुरीचा शिक्का मारून बांधल्या आहेत.

ही सवलत का दिली जाते, हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेचा गाभा १९९५ पासून असा आहे : रहिवाशांना घर फुकट, त्याचा खर्च विकासकाने करायचा आणि त्याबदल्यात त्याच जागेवर विक्रीची घरे बांधायची. विक्रीच्या इमारतीला जितकी जमीन अधिक, तितका विकासकाचा फायदा अधिक. साहजिकच पुनर्वसनाच्या इमारती भूखंडाच्या एका कोपऱ्यात, एकमेकींना खेटून उभ्या राहतात. रहिवाशांशी बोलणी होतात ती चटईक्षेत्राची. २२५ चौरस फुटांचे २६९ झाले, २६९ चे ३०० झाले. हे आकडे लोकांनी लढून मिळवले आहेत आणि त्या लढ्याबद्दल मला आदर आहे. पण खिडकीबाहेर काय असेल, याचा आकडा कोणत्याही करारात नसतो. घर मोठे होत गेले आणि खिडकी आंधळी होत गेली. विक्रीच्या इमारतींनाही यातून पूर्ण सुटका नाही. मोकळ्या जागेत कमतरता असेल तर अधिमूल्य भरून ती माफ करून घेण्याची सोय विकास नियंत्रण नियमावलीत आहे. सोडायची जागा सोडली नाही म्हणून पैसे भरायचे. पैसे महापालिकेच्या तिजोरीत जातात, उजेड मात्र खालच्या मजल्यावरच्या माणसाचा जातो, आणि त्याला त्यातला एक रुपयाही मिळत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. मुंबईत जमीन कुठे आहे? जागा सोडत बसलो तर इतक्या माणसांना घरे द्यायची कशी? मोकळी जागा हा श्रीमंतांचा शौक आहे, गरिबाला आधी छप्पर हवे. मी या आक्षेपाशी बराच काळ झगडलो आहे, कारण तो करणारे पुष्कळदा कळवळ्याने करतात. त्याचे उत्तर भूमितीत आहे. केंब्रिजमध्ये लेस्ली मार्टिन आणि लायनेल मार्च यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत एक साधी गोष्ट गणिताने दाखवली. भूखंडाच्या मधोमध उंच मनोरा उभारून जितके बांधकाम बसते, तितकेच बांधकाम भूखंडाच्या कडेकडेने कमी उंचीच्या इमारती रचूनही बसते आणि मधे मोठे अंगण उरते. कडेची पट्टी अरुंद दिसते, पण तिची लांबी फार असते, म्हणून तिच्यात खूप मावते. आपल्या चौसोपी वाड्याची रचना हीच आहे. घर चारही बाजूंनी कडेला, मधे चौक, प्रत्येक सोप्याला चौकातून उजेड. दाटी आणि मोकळी जागा यांचे वैर आपण गृहीत धरतो, ते पुष्कळदा आखणीच्या आळसातून आलेले असते.

चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईत सीबीडी बेलापूरला हे बांधून दाखवले. तिथली वसाहत आज आर्टिस्ट्स व्हिलेज म्हणून ओळखली जाते. सात घरे एका अंगणाभोवती, अंगण साधारण आठ मीटर लांब-रुंद. असे तीन गट मिळून २१ घरांचे मोठे अंगण, बारा मीटरचे. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, त्यामुळे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा तो आपले घर वाढवू शकतो. सगळी घरे बैठी किंवा एक-दोन मजली, तरी हेक्टरी सुमारे ५०० माणसांची वस्ती बसवता येते. मुंबई बेटावर याहून पुष्कळ जास्त दाटी लागते, हे मला मान्य आहे. बेलापूरचा नमुना उचलून धारावीत ठेवता येणार नाही. पण कोरियांचे म्हणणे उचलता येते. उष्ण प्रदेशात उघड्या आकाशाखालची जागा हीसुद्धा खोलीच असते, असे ते मानत. सकाळी एक काम, दुपारी दुसरे, रात्री तिथे झोपायचे. घराचे क्षेत्रफळ मोजताना ही खोली मोजली जात नाही, म्हणून ती आधी कापली जाते.

रुंद जागा सगळीकडे चांगलीच, असा मात्र याचा अर्थ नाही. कोरड्या उष्ण प्रदेशात गणित उलटते. अहमदाबादच्या पोळांमध्ये किंवा जैसलमेरच्या गल्ल्यांमध्ये घरे मुद्दाम जवळजवळ आहेत, कारण तिथे ऊन हा शत्रू आहे आणि अरुंद गल्ली दिवसभर सावली धरते. पण त्या घरांच्या पोटात चौक असतो, तो रात्री थंड हवा साठवतो. म्हणजे तिथेही मोकळी जागा आहेच, तिची बाजू बदलली आहे. नागपूर-चंद्रपूरला जे योग्य, ते मुंबई-रत्नागिरीला नाही. प्रत्येक गावच्या हवेनुसार मधली जागा किती, कुठे आणि कोणत्या दिशेने, हे ठरले पाहिजे. मुंबईतला काचेचा मनोरा नागपुरात आणि नागपुरातला मुंबईत, अशी आपली सध्याची रीत आहे. म्हणून दोन्हीकडे एसीचे बिल तेवढे सारखे येते.

नियमांनी याची दखल अजिबात घेतलेली नाही असे नाही. ऊर्जा दक्षता ब्यूरोची इको निवास संहिता २०१८ मध्ये आली. भिंती आणि काचांतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तिने ठरवली, आणि मुंबईसारख्या उष्ण-दमट प्रदेशात घराच्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान १६.६६ टक्के इतके खिडक्या-दारांचे उघडे क्षेत्र असावे, असे म्हटले. हे चांगले आहे. पण हे प्रमाण खिडकीचे आहे; खिडकीसमोर काय आहे, हे त्या प्रमाणात येत नाही. तीन मीटरवर भिंत असली तरी खिडकी पास होते. मांडवीच्या जुन्या नकाशातही खिडकी होतीच.

पाण्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते आता बहुतेकांना पटले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर जिरण्याच्या जमिनीचे महत्त्व मुंबईला वेगळे सांगावे लागले नाही. तरीही भूखंडाच्या कडेपर्यंत तळघरे खणायची, वर पोडियम घालायचे आणि पोडियमवर दोन फूट माती टाकून तिला बाग म्हणायचे, हे चालू राहिले. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका प्रकरणात सांगितले की, नियमाने ठरलेले किमान मनोरंजन मैदान जमिनीवरच असले पाहिजे, पोडियमवर चालणार नाही. त्या निकालामागचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. उंबर किंवा आंबा दोन फूट मातीत उभा राहत नाही आणि मुलांना उतरून खेळायला जमीनच लागते.

या सगळ्यातून एक गोष्ट पुढे येते, तिच्यासाठीच हे लिहायला बसलो. हरित म्हणून आपण जे जे बसवतो ते मागाहूनही बसवता येते. सौर पॅनेल पंचवीस वर्षांनी बदलावे लागते आणि बदललेले पुष्कळदा आधीच्यापेक्षा चांगले असते. दिवे बदलतात, पंखे बदलतात, छपराला पांढरा रंग पुढच्या उन्हाळ्यातही देता येतो, काचांना झडपा लावता येतात. दोन इमारतींमधले अंतर मात्र पहिल्या दिवशी ठरते. त्यानंतर ते वाढवायचे तर एक इमारत पाडावी लागते. इमारत साठ-सत्तर वर्षे उभी राहते, रस्त्यांची आणि भूखंडांची आखणी त्याहून कितीतरी जास्त टिकते. मांडवीच्या गल्ल्या प्लेगनंतर सव्वाशे वर्षे होऊन गेली तरी तिथेच आहेत. जे दुरुस्त करता येणार नाही ते आधी नीट करावे, हा शेतीपासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळीकडे पाळला जाणारा क्रम आहे. घरबांधणीत आपण तो उलटा केला आहे : कायमची गोष्ट घाईत उरकतो आणि बदलता येणाऱ्या गोष्टींना प्रमाणपत्रे देतो.

मुंबई आत्ता अशा वेळेला उभी आहे की पुढच्या शंभर वर्षांचे अंतर या दहा-पंधरा वर्षांत ठरणार आहे. धारावीचा पुनर्विकास सुरू आहे. उपकरप्राप्त इमारती, म्हाडाच्या वसाहती, उपनगरांतल्या तीन-चार मजली सोसायट्या एकामागून एक पाडल्या जात आहेत. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींच्या जागी मनोरे येत आहेत. १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळींतली खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. त्या जागी स्वतःचे स्वच्छतागृह असलेले ५०० चौरस फुटांचे घर मिळणे हा तिथल्या कुटुंबांचा हक्क आहे आणि जुन्या दिवसांच्या ओढीने त्यांना त्यापासून अडवण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण त्या चाळींच्या रांगांमधली मैदाने पाहा. तिथे क्रिकेट झाले, गणपतीचे मांडव पडले, सभा झाल्या, लग्ने लागली, उन्हाळ्यात वाळवणे घातली गेली. गिरणी कामगारांसाठी कमी खर्चात बांधणाऱ्या सरकारने खोली लहान ठेवली आणि अंतर मात्र सोडले. आज आपण खोली मोठी करतो आहोत. ते करताना अंतर गमावले नाही तर दोन्ही पिढ्यांचे चांगले ते एकत्र येईल.

यासाठी नव्या तंत्रज्ञानाचा उपयोग नक्की आहे. ऑर यांच्याकडे कोनमापक होता. आज संगणकावर वसाहतीचा आराखडा टाकला की वर्षातल्या कोणत्याही दिवशी, कोणत्याही तासाला, कोणत्या खिडकीत किती उजेड येईल आणि वारा कुठून कुठे जाईल हे काही तासांत समजते. वास्तुविशारदांच्या कार्यालयांत ही प्रणाली आहे. ती बहुधा विक्रीच्या इमारतीच्या वरच्या मजल्यांचे सागरदर्शन दाखवायला वापरली जाते. ती उलट दिशेने वापरायला हवी. मंजुरीसाठी येणाऱ्या प्रत्येक आराखड्यासोबत सर्वात खालच्या, सर्वात कोपऱ्यातल्या, सर्वात वाईट घराचा उजेडाचा आणि वाऱ्याचा अहवाल मागायचा. सरासरी मागायची नाही, कारण सरासरीत सातवा मजला तळमजल्याची उणीव झाकून टाकतो. भर डिसेंबरात दुपारी बारा वाजता त्या घरात दिवा न लावता वाचता येते का, एवढी एक कसोटी ठेवली आणि पुनर्वसनाच्या व विक्रीच्या इमारतींना ती सारखीच लावली, तरी आराखडे बदलतील. ती न लावल्यास कोपऱ्यात कोंबलेली इमारत शेवटी दवाखान्यांवर आणि विजेच्या बिलांवर खर्च करायला लावते. तो खर्च विकासकाच्या ताळेबंदात दिसत नाही, म्हणून नाही असे समजले जाते.

नियम बदलायला वेळ लागेल. सोसायटीची पुनर्विकासाची सर्वसाधारण सभा मात्र येत्या रविवारी असू शकते. तिथे चटईक्षेत्र, कॉर्पस फंड, भाडे आणि पार्किंग यांवर रात्री उशिरापर्यंत चर्चा होते, ती व्हावीच. त्याबरोबर वास्तुविशारदाकडे आणखी एक कागद मागावा : इमारतीचा उभा छेदनकाशा, ज्यात शेजारच्या भूखंडावरची इमारतही काढलेली असेल, आजची आणि उद्या तिचाही पुनर्विकास झाल्यावर जितकी उंच होऊ शकेल तितकी. मग आपल्या खिडकीपासून पट्टीने त्या माथ्यापर्यंत रेघ ओढावी आणि कोन मोजावा. शाळेतल्या कंपासपेटीत त्यासाठी लागणारे सगळे असते. रेघ ६३.५ अंशांहून उभी जात असेल, तर करारावर सही करण्यापूर्वी विचारावे की पहिल्या मजल्यावर कोण राहणार आहे आणि त्याच्या घरात दुपारचा उजेड कुठून येणार आहे. हा प्रश्न सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावा, आणि त्याचे उत्तर नकाशावर दाखवेपर्यंत ठराव पुढे ढकलावा.